आपली बाजू

दाजी रोज सकाळी आधी चुकीच्या दाराशी जायचे.

बेकरीच्या मागच्या अंगणात व्हॅन उभी असायची, पोटात पावांचे ट्रे भरलेली, मागच्या दाराच्या फटीतून गरम वास सोडत. दाजी बोटात किल्ली फिरवत यायचे आणि सरळ डावं दार उघडायचे. आत ताई आधीच बसलेली असायची, मांडीवर पाण्याची बाटली, पायाशी डबा.

"मांडीवर बसायचा विचार आहे का?" ताई विचारायची.

दाजी कपाळावर हात मारायचे, व्हॅनला पुढून वळसा घालायचे आणि उजव्या दाराने आत शिरायचे. भट्टीपाशी उभी असलेली माणसं हा खेळ रोज बघायची आणि रोज हसायची. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो?

आता दाजी काही त्या सगळ्यांचे दाजी नव्हते. बेकरीचा मालक ताईपेक्षा बराच लहान. ती पॅकिंगच्या टेबलावर कामाला लागली तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं, बापाच्या गल्ल्यामागे लुडबुडत असायचा. तेव्हापासून तो तिला ताई म्हणतो, म्हणून बेकरीतले झाडून सगळे ताई म्हणतात, आणि ताईचा नवरा म्हणून हे दाजी. फरक इतकाच की ताई सगळ्यांना रोज दिसायची, आणि दाजी वीसेक वर्षं नुसते ऐकू यायचे. फोनवर. त्यांच्या पोटच्या लेकीनेसुद्धा शाळेत कोणीतरी विचारलं तेव्हा सांगितलं होतं, माझे बाबा फोनमध्ये राहतात.

दाजी दूरदेशी ट्रेलर चालवायचे. तिथे सगळी वाहतूक रस्त्याच्या उजव्या अंगाने. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. इथे सगळं उलट, म्हणजे खरं तर आपलं सुलट. लग्नाआधी दाजी इथेच गाडी शिकले होते, दोनेक वर्षं इथल्याच रस्त्यांवर चालवलीही होती. मग तिकडे गेले ते दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर येण्यापुरतेच नवरे उरले. सुट्टीत माणूस गाडी चालवत नाही. जावई म्हणून मिरवतो, नळाचा वायसर बदलतो, लेकीला उचलून घेतो आणि ती किती जड झाली म्हणून आश्चर्य करतो. मग एक दिवस तिकडच्या कंपनीने वयाचं कारण सांगितलं, निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि दाजी कायमचे घरी आले. इतक्या वर्षांत त्यांच्या ट्रेलरला एक ओरखडा नव्हता. ही गोष्ट ते कोणाला आपणहून सांगायचे नाहीत, पण समोरच्याने विचारावी म्हणून वाट मात्र बघायचे.

घरी आले म्हणजे काय, तर घरात आले. घर ताईने स्वतःच्या मापाने बेतलेलं होतं. भांडी तिच्या हाताला येतील अशी, खुर्ची एकच उजेडाची, पलंगावर तिची बाजू मधली. लेक लग्न होऊन दूर गेलेली. पहिले काही आठवडे दाजी कपाट उघडण्याआधी विचारायचे, "उघडू का?" आपल्याच घरात परवानगी मागणारा माणूस कधीतरी निघून जाईल असं वाटत राहतं. आणि जाणार तरी कुठे? तिकडचा दरवाजा बंद झालेला. दिवसभर ते खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. मधूनच त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. खाली कोणीतरी वेळेवर ब्रेक लावलेला नसायचा.

या माणसाच्या हातात चाक दिलं नाही तर हा माणूस संपेल, हे ताईला कळत होतं. त्याला बाकी काही येतही नव्हतं आणि व्हायचंही नव्हतं. म्हणून बेकरीच्या व्हॅनचा जुना ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा ती मालकासमोर उभी राहिली. मालक कां-कू करत होता. म्हणाला, ताई, दाजी मोठे आहेत, पण तिकडचं वेगळं, इकडचं वेगळं, जमेल का त्यांना? ताईने सांगितलं, जमेल, माझ्या शब्दावर ठेव. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. मालकाने किल्ली काढून दिली.

दाजींना विचारलं तर म्हणाले, "डाव्या हाताचा मळ आहे."

खरंच डाव्या हाताचा प्रश्न होता. गिअर आता त्या हाताला होता आणि त्या हाताला वीसेक वर्षं काही कामच नव्हतं. पहिल्या दिवसांत गिअर बदलायचा म्हटलं की दाजींचा उजवा हात दारावर आपटायचा. बोटांची सालं निघाली. वळताना ते सिग्नलच्या दांडीऐवजी दुसरी दांडी ओढायचे, की स्वच्छ उन्हात काचेवर वायपर फिरायला लागायचे. भट्टीवाला अंगणात उभा राहून ओरडायचा, "बाजूला व्हा रे, वायपर लागले, दाजी वळतायत!"

या भट्टीवाल्याशिवाय बेकरीचं पान हलत नसे. रात्रभर भट्टी सांभाळायची, पहाटे शेवटचा घाणा काढायचा आणि सायकलवर टांग टाकून घरी झोपायला जायचं, हा त्याचा क्रम. उष्णतेने भाजून भाजून त्याचे हात कोपरापर्यंत तांबूस झालेले, आणि जीभ तर भट्टीहून गरम. पण मनात काही नाही. दाजींच्या सोललेल्या बोटांना मलम त्यानेच आणून दिलं होतं.

महिन्याभरात हात सुधारले. वायपर पावसातच लागायला लागले. मालकाच्या कपाळावरची आठी गेली. सगळ्यांना वाटलं, अंगवळणी पडलं.

एका सकाळी ताईला दवाखान्यात जायचं होतं, तर दाजी म्हणाले, चल, वाटेत सोडतो. गोदामांच्या मागच्या रस्त्याने निघाले. लांबलचक मोकळा रस्ता, दोन्ही अंगांना पत्र्याच्या भिंती, माणूस ना काणूस. दाजी पेट्रोल भरून पंपावरून बाहेर पडले आणि ताईशी बोलत बोलत रस्त्याला लागले. ताईला काहीतरी खुपत होतं, पण काय ते कळेना. आपण कुणालातरी ओलांडतोय म्हणून या बाजूला आलोय, असं तिला आधी वाटलं. पण ओलांडायला कोणी नव्हतंच. भिंत भलत्याच खिडकीच्या जवळ होती. समोरून एक ट्रक आला, त्याने दिवे मारले, आणि दाजींनी झटक्यात गाडी पलीकडे घेतली.

दाजी हसले. ताईही हसली.

"हे आधी कधी झालंय?" मग तिने विचारलं.

दाजींनी लपवलं नाही, एवढं मात्र खरं. झालंय म्हणाले. गर्दी असली की काही होत नाही, पुढची गाडी जाते तिच्या मागे जायचं, गर्दीच हाताला धरून नेते. पण रस्ता रिकामा असला, की सांगणारं कोणी नसतं. पंपावरून बाहेर पडताना, एखादं वाहन ओलांडून झाल्यावर, बोलण्यात लक्ष गेलं की.

"रस्त्यावर कोणी नसलं ना," ते म्हणाले, "की मी तिकडेच असतो."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ जळालाही नव्हता, चांगला दणकट होता. त्या दिवशी ताईच्या मनात आलं होतं की मालकाला सांगून टाकावं. तिने वाक्य जुळवलंही. पण घरी आल्यावर दाजी खिडकीतल्या त्या खुर्चीत बसले, किल्ली मुठीत धरून, आणि त्यांनी विचारलं, "काढून घेतील का गं?" लहान मुलाने खेळण्याबद्दल विचारावं तसं. ताईने जुळवलेलं वाक्य गिळलं आणि दुसरं जुळवलं. मालकाला म्हणाली, गिऱ्हाईकं ट्रे उतरवून घेताना गोंधळ घालतात, एकाचा माल दुसरीकडे जातो, मी रोज बरोबर जाते, परत येऊन पॅकिंग उरकेन. मालकाला वाटलं, ताई किती करते बेकरीसाठी.

अशी ती डाव्या सीटवर बसायला लागली. काम एकच. रस्ता रिकामा झाला की बोलायचं.

सुरुवातीला ती सरळ म्हणायची, "डावं." पंपावरून बाहेर पडताना, "डावं." उभ्या गाडीला वळसा घालून झाला की, "डावं घ्या." काम भागत होतं. पण एकदा घरी जाताना भट्टीवाल्याची सायकल वाटेत पंक्चर झाली म्हणून तो मागे ट्रेच्या शेजारी बसून बेकरीत परत आला, आणि त्याने सगळं ऐकलं. उतरताना म्हणाला, "काय ताई, दाजींना पहिलीत घातलंय का? उद्या हे बोट नाक, हे बोट कान शिकवा." सगळं अंगण हसलं. दाजीही हसले. पण त्या दिवशी जेवले नाहीत, आणि संध्याकाळी म्हणाले, उद्यापासून तू येऊ नकोस. चार माणसांत बायको नवऱ्याला डावं-उजवं शिकवते म्हणजे मग झालंच.

ताईने जाणं सोडलं नाही, शब्द सोडला. दुसऱ्या दिवशी पंपावरून बाहेर पडताना, जणू सहज आठवल्यासारखं, ती हळूच म्हणाली, "आपली बाजू."

दाजींनी तिच्याकडे बघितलं. गाडी डावीकडे घेतली. थोड्या वेळाने ओठ न हलवता हसले.

मग तोच शब्द झाला. कोणी ऐकला तरी कोणाला काय कळणार होतं? नवरा-बायकोचं काहीतरी असेल. "आपली बाजू," ती म्हणायची आणि दाजी म्हणायचे, "हो बाईसाहेब." डावं-उजवं हा धाक असतो, मास्तरांचा असतो, पोलिसांचा असतो. आपली बाजू म्हटलं की त्यात दोघं येतात. ताई शिकलेली नव्हती, पण शब्द कुठे टोचतो आणि कुठे नाही, हे तिला भाकरी भाजावी तसं हाताला कळायचं.

खोटं कशाला बोला, ताईला ते दिवस आवडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या शेजारी रोज दोन तास बसणं कधी नशिबात आलं नव्हतं. शाळेच्या कँटीनला पाव, इस्पितळाला पाव, कारखान्याच्या दारात पाव. अधल्या मधल्या रस्त्यावर दाजी बोलायचे. तिकडच्या वाळवंटी रस्त्यांबद्दल, जिथे दिवसभर एक झाड दिसत नाही. एका हॉटेलवाल्याबद्दल, जो प्रत्येक ड्रायव्हरला त्याच्या गाडीच्या रंगाने हाक मारायचा. फोनवर त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. फोनवर ते नेहमी विचारायचे, सगळं ठीक ना? आणि ती म्हणायची, ठीक. वीस वर्षांत दोघांनी मिळून तेवढंच एक वाक्य वापरून गुळगुळीत केलेलं.

एकदा व्हॅन खड्ड्यात आदळली तेव्हा दाजी वैतागून म्हणाले, "आपल्याकडे असे रस्ते नसतात."

"आपल्याकडे म्हणजे कुठे?" ताईने विचारलं.

दाजी चपापले. "तिकडे गं. तोंडात बसलंय."

"बसेल की. किती वर्षं बसलंय," ती म्हणाली, आणि विषय हसण्यावारी गेला. तिकडे हे कोणाजवळ 'आपल्याकडे' म्हणत असतील, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण पुढे गर्दी लागली, आणि गर्दीत ताईला बोलायचं काम नसायचं, तशी ती खिडकीबाहेर बघत बसली.

ज्या दिवशी ते झालं तो दिवस काही वेगळा नव्हता. माल थोडा उशिरा निघाला होता, कारण शेवटचा घाणा जरा पांढुरका राहिला म्हणून भट्टीवाल्याने परत आत सारला होता. पाव नीट भाजला गेल्याशिवाय तो घरी जायचा नाही. त्यामुळे तोही उशिराच निघाला. व्हॅन आधी कारखान्याकडे गेली, तिथला माल उतरवून गोदामांच्या रस्त्याने परत फिरली, इस्पितळाचे ट्रे अजून आत होते. भट्टीवाल्याचं घर त्याच रस्त्याच्या पुढे. तो बेकरीकडून घरी चालला होता, आणि हे बेकरीच्या बाजूला येत होते.

एका गोदामापुढे लॉरी उभी होती, माल उतरत होता. दाजींनी तिला उजवीकडून वळसा घातला. बरोबरच घातला, दुसरं काय करणार? त्याच वेळी मागे एक ट्रे सरकून पडल्याचा आवाज झाला. ताई वळून सीटच्या पाठीवरून हात लांब करून तो ट्रे धरायला गेली. तेवढ्या वेळात लॉरी मागे पडली आणि रस्ता मोकळा झाला. अगदी मोकळा. सांगणारं कोणी नाही.

ती पुढे वळली तेव्हा गाडी उजव्या बाजूनेच चालली होती, आरामात, कधीपासून तशीच चालत आल्यासारखी. दाजींचा चेहरा शांत होता. समोर पत्र्याच्या भिंतीला रस्ता वळत होता आणि त्या वळणावरून सायकल आली. सायकलवाला आपल्या डाव्या हाताने, कडेकडेने, जसं यायला पाहिजे तसा येत होता.

"आपली बाजू," ताई म्हणाली. एरवीपेक्षा मोठ्याने. "अहो, आपली बाजू!"

दाजींनी तिचं ऐकलं. वेळ न घालवता ऐकलं. त्यांनी चाक उजवीकडे मारलं, रस्त्याच्या अगदी कडेला, समोरच्याला सगळा रस्ता मोकळा करून देत. आणि समोरच्याने, अंगावर गाडी येतेय म्हटल्यावर, सायकल आणखी डावीकडे घातली, भिंतीला लगटून. दोघांनीही आपापली बाजू घेतली. ती एकच होती.

त्यानंतरचं ताईला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पावांचे ट्रे उघडून रस्त्यावर पसरले होते. सायकलचं पुढचं चाक अजून फिरत होतं. लॉरीवरचे हमाल धावत आले. भट्टीवाला भिंतीला टेकून बसल्यासारखा बसला होता आणि त्याचा उजवा पाय जिथे असायला हवा तिथे नव्हता, व्हॅनच्या खाली होता. शुद्धीवर होता. त्याने दाजींना ओळखलं आणि म्हणाला, "अहो, वायपर तरी लावायचे."

इस्पितळ तेच, जिथे पाव जायचे. बाकावर दोघं बसली. पोलीस येऊन गेला, त्याने दाजींना विचारलं तसं दाजींनी सगळं सांगितलं, एक अक्षर वळवलं नाही. मालक आला. तो रागावेल असं ताईला वाटलं होतं, रागावला असता तर बरं झालं असतं. तो तिच्यापुढे उभा राहिला, आणि फक्त एवढंच बोलला की ताई, तुम्ही दाजींबरोबर होतात ना. तिने मान हलवली. मग त्याला हळूहळू कळत गेलेलं तिने त्याच्या चेहऱ्यावर बघितलं. बरोबर का होतात, कधीपासून होतात, ट्रेचा गोंधळ म्हणजे कसला गोंधळ होता. त्याने पुढे काही विचारलं नाही. दाजींच्या हातातली किल्लीही त्याने मागितली नाही. दाजींनीच ती बाकावर ठेवली, दोघांच्या मधे, आणि मालक जाताना ती उचलून घेऊन गेला.

तो गेल्यावर दाजी तिच्याकडे वळले. मग हलक्या आवाजात, तक्रार नाही, नुसतं समजावून सांगितल्यासारखं, म्हणाले,

"तू 'आपली' म्हणालीस गं. मी आपलीच घेतली."

किल्ली होती त्या जागेकडे ताई बघत राहिली. डावं म्हटलं असतं तर डावं कळलं असतं. डावं सगळ्या देशांत डावंच असतं. त्या माणसाला ओशाळवाणं वाटू नये म्हणून तिने एक मऊ शब्द शोधला होता, आणि त्या शब्दाचा अर्थ तिच्यापुरता घरचा होता. त्यांच्यापुरता तो तिकडचा होता, जिथे ती कधी गेलीच नव्हती. रोज शेजारी बसून ती म्हणत होती आपली, आपली, आणि रोज दाजी आधी तिचा शब्द मनातल्या मनात उलटा करून मग चाक फिरवत होते. त्या दिवशी उलटा करायला वेळ मिळाला नाही, एवढंच.

भट्टीवाला जगला. गुडघा मात्र गेला. डॉक्टरांनी हाडं जुळवली, पण पाय वाकणार नाही असं सांगितलं. भट्टीपुढे रात्रभर उभं राहणं संपलं. मालकाने त्याला वाऱ्यावर सोडलं नाही, बसून करायचं एकच काम बेकरीत होतं, ते तो उठेल तेव्हा त्याला द्यायचं ठरवलं. पॅकिंगच्या टेबलावरचं. त्यासाठी ताईला कोणी काढलं नाही. तीच एक दिवस गेली, आपला एप्रन धुऊन घडी घालून टेबलावर ठेवला, आणि खुर्चीची उंची त्याच्या ताठ पायाला बेताची करून आली. मालक म्हणाला, ताई, असं कशाला. पण थांबा म्हणाला नाही.

आता दोघंही घरी. दाजी खिडकीत बसत नाहीत. खुर्ची त्यांनी भिंतीकडे फिरवून घेतली आहे, तिकडून आलेलं ते घड्याळ आहे त्या भिंतीकडे. लेक फोन करते आणि विचारते, सगळं ठीक ना? दाजी म्हणतात, ठीक. तिकडे होते तेव्हाही असंच म्हणायचे. ताईला कधी कधी वाटतं, हे अजून फोनमध्येच राहतात.

भट्टीवाल्याला भेटायला जाऊ या, हे दाजींनीच काढलं. बरेच दिवस मनात घोळवत असावेत. दोघं चालतच गेली. भट्टीवाला घरी खाटेवर पाय लांब करून बसला होता, काठी उशाशी. त्याच्या बायकोने चहा दिला, बोलली मात्र नाही. तिच्या जागी ताई असती तर चहाही दिला नसता. दाजी हात जोडायला गेले, पण जोडलेले हात कुठे ठेवावे हे न कळून ते मांडीवर घेऊन बसले. शेवटी भट्टीवाल्यानेच सुरुवात केली.

"दाजी, मी पडल्या पडल्या विचार करतो," तो म्हणाला. "तुम्ही माझ्यासाठी रस्ता सोडला, मी तुमच्यासाठी सोडला. दोघांतला एक जरी उद्धट असता ना, तर आज मी भट्टीपुढे असतो. दोघंही सभ्य, म्हणून वाट लागली."

तो हसला. ताईला हसू आलं, आणि आलेलं हसू कुठे ठेवावं हे तिलाही कळेना. दाजी हसले नाहीत. भट्टीवाल्याचे कोपरापर्यंतचे तांबूस हात आता निवून इतर माणसांच्या हातांसारखे होत चालले होते. दाजी त्या हातांकडे बघत होते.

निघताना भट्टीवाल्याने पुन्हा या म्हटलं. त्याच्या बायकोने दार लावून घेतलं.

परत येताना मोठा रस्ता ओलांडायचा होता. जाताना ताईने त्यांचं कोपर धरलं होतं आणि दोघं बोलत बोलत पलीकडे गेली होती. आता ती थोडी मागे राहिली, चपलेचा पट्टा निघाला होता म्हणून. वाकून पट्टा लावता लावता तिने वर बघितलं. दाजी फुटपाथच्या कडेशी उभे होते. त्यांनी डावीकडे बघितलं, नीट बघितलं. तिकडे रस्ता अगदी मोकळा होता. त्यांनी एक पाय खाली टाकला.

ताईने मागून शर्ट धरून ओढलं. उजवीकडून आलेली बस हॉर्न देत, वारा देत, अंगावरून गेल्यासारखी गेली. खिडक्यांतून दोन-चार चेहरे वळून बघत होते.

दाजी धापा टाकत नव्हते, घाबरलेलेही नव्हते. शर्ट तिच्या मुठीत तसाच होता. बस गेली त्या दिशेला ते बघत राहिले, आणि मग ती न आलेल्या दिशेला.

"मला इथला रस्ता ओलांडता येत नाही गं," ते म्हणाले.

मी आहे ना, असं ताईच्या अगदी ओठांवर आलं. सवयीने आलं. पण ती त्या दिवशीही होतीच की, शेजारीच होती. तिने तो शब्द परत आत घेतला. दुसरा शोधला. डावं, उजवं, इकडे, तिकडे, आपलं, सगळे शब्द तिने एकेक करून उचलून बघितले आणि ठेवून दिले.

शर्ट न सोडता ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. गाड्या येत राहिल्या, जात राहिल्या. मधे एकदा रस्ता दोन्हीकडून मोकळा झाला, चांगला बराच वेळ मोकळा झाला. त्यांच्या बाजूला उभी असलेली माणसं ओलांडून पलीकडे गेली.

ती दोघं उभीच होती.